सोलला सात दिवसांसाठी जाते आहे. चेहऱ्यासाठी ऑपरेशनशिवायचे कोणते उपचार तिथे करून घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की वय ५२, ऑक्टोबरमध्ये सात दिवस सोल, डिसेंबरात मुलीचं लग्न, गालांवर जुना वांग, आणि सुरी लावून घ्यायची नाही. बोटॉक्स, फिलर, लेझर आणि "ते अल्ट्रासाउंडवालं" यातलं काय करू, असं विचारलंय.

मी डॉक्टर नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे साडेतीन वर्षं सुवॉनला होते, सोलपासून तासाभरावर. तेवढ्यात भारतातून आलेली प्रत्येक नणंद, मावसबहीण आणि एकदा तर सोसायटीतली शेजारीणसुद्धा "गंगनमला एक चक्कर मारू या का गं?" म्हणाली. गंगनम म्हणजे सोलमधला असल्या क्लिनिकांनी भरलेला भाग. त्यामुळे तिथल्या क्लिनिकांचे सोफे मला चांगले पाठ आहेत.

माझ्या मते तुमचा प्रश्न थोडा फिरवायला हवा. कोणता उपचार चांगला, हे नंतर. आधी प्रत्येक उपचाराबद्दल विचारा: याचा परिणाम कितव्या दिवशी दिसतो, आणि बिघडलं तर कितव्या दिवशी कळतं? त्या दिवशी तुम्ही सोलमध्ये असाल की घरी पोळ्या लाटत असाल?

हे शहाणपण मला फजितीतून आलं. भारतात परतायच्या दोन दिवस आधी मी कपाळावरच्या आठ्यांसाठी इंजेक्शन घेतलं. बोटॉक्सच्या जातीच्या औषधाचा परिणाम तीन-चार दिवसांनी सुरू होतो आणि पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात. नवव्या दिवशी ठाण्यात आरशासमोर उभी राहिले, तर डावी भुवई जागेवर आणि उजवीची शेपटी वर चढलेली. कुणीही काही बोललं तरी मी "अस्सं का?" म्हणतेय असा चेहरा. खरं तर हे दोन थेंबांत दुरुस्त होतं, म्हणून तर दोन आठवड्यांनी परत बोलावतात. पण इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या कंपनीचं? किती युनिट?" माझ्याकडे होती फक्त कोरियनमधली पावती, तीवर पॅकेजचं नाव आणि रक्कम. एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे, म्हणून त्या बिचकल्या. शेवटी अंदाजाने थोडं टोचलं. तोवर भाच्याची मुंज होऊन गेली होती, फोटोंसकट.

कोरियन औषध म्हणजे स्वस्तातली नक्कल, असं मात्र नाही. तिथलं नाबोटा हे बोटॉक्सच्याच जातीचं औषध २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, वेगळ्या नावाने मंजूर केलंय. अडचण औषधाची नव्हती, वेळेची आणि कागदाची होती. तेव्हा तुम्ही हे इंजेक्शन सोलला घेऊच नका. नोव्हेंबरच्या मध्यात आपल्याच गावात घ्या. दोन आठवड्यांनी दुरुस्ती करता येईल, आणि परिणाम तीन-चार महिने टिकतो, म्हणजे लग्न निघून जातं.

लेझरला तर मी सरळ नाही म्हणेन. आपली सावळी-गव्हाळ कातडी भाजली, सुजली की डाग काळा पडतो आणि महिनोन्‌महिने हटत नाही. त्यात तुम्हाला वांग. आयपीएल नावाच्या, लेझरसारख्याच तीव्र प्रकाशाच्या उपचाराच्या झगमगाटाने वांग आणखी गडद होऊ शकतो. तिथल्या डॉक्टरांचा हात रोज बसलेला असतो तो गोऱ्या कोरियन कातडीवर. आणि परत येणार कुठे, तर ऑक्टोबर हीटमध्ये. वांगावर लेझर करायचंच असेल तर आधी कानामागे छोटी चाचणी आणि मग काही आठवडे थांबणं, हे सात दिवसांत बसत नाही.

फिलर म्हणजे खळगे भरायला कातडीखाली टोचतात ते जेल. त्याचं गणित वेगळं. इथे सगळ्यात वाईट गोष्ट लगेच घडते: फिलर रक्तवाहिनीत शिरलं तर कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते, दुखतं, क्वचित नजरही जाते. हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर असेल तर ते विरघळवणारं इंजेक्शन तासांच्या आत द्यावं लागतं. कॅल्शियमवाल्या फिलरला तो उतारा चालत नाही. गाठी मात्र काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उठतात, म्हणजे घरी आल्यावर. करायचंच असेल तर पहिल्या दोन दिवसांत, फक्त विरघळणारं, आणि "ते औषध आत्ता या इमारतीत आहे का?" असं विचारून. मी स्वतः प्रवासात करणार नाही.

उरलं अल्ट्रासाउंड. तुमच्यासाठी सोलला करण्याजोगं मला हेच वाटतं. अल्ट्रासाउंडचं यंत्र अल्थेरा घ्या किंवा त्याच कामाचं रेडिओलहरींचं थर्माज, दोन्ही आतून उष्णता देऊन जबड्याची ओघळलेली रेष थोडी आवळतात. परिणाम हळूहळू, दोन-तीन महिन्यांत दिसतो. ऑक्टोबरात केलं की डिसेंबरअखेर बरोब्बर. सुया नाहीत, सूज दोन-चार दिवसांची. पण "थोडी" हा शब्द लक्षात ठेवा, मान लोंबायला लागली असेल तर चमत्कार होत नाही. चेहरा मुळात बारीक असेल तर चरबी घटून गाल बसू शकतात, तेव्हा डॉक्टरला स्पष्ट विचारा. दुखतं बरं का, हाडाजवळ तर झणझणतं.

अल्थेरात कातडीखालचे थर पडद्यावर दिसतात, तो पडदा डॉक्टर बघताहेत ना ते पाहा. थर्माजचं टोक एकाच रुग्णासाठी असतं, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. किती शॉट्स, म्हणजे यंत्राचे किती ठोके देणार, हे आधी कागदावर घ्या, कारण दर त्यावरच ठरतो.

रेजुरान, म्हणजे सामन माशापासून बनवलेली चेहऱ्यावर टोचायची इंजेक्शनं, सगळ्याजणी विचारतात. चेहऱ्यावर माशीने चावल्यासारखे फुगवटे येतात, एक-दोन दिवसांत बसतात. पण दोन-चार आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा घ्यायची असते, एकदाच घेऊन पर्यटनाचं समाधान.

क्लिनिक निवडताना पाटी वाचायला शिका. "उइवॉन" म्हणजे दवाखाना, "पिबुग्वा" म्हणजे त्वचाविभाग. नावातच "पिबुग्वा उइवॉन" असेल तर तिथे त्वचारोगतज्ज्ञ असतो. नुसतं "उइवॉन" आणि पुढे बारीक अक्षरांत "पिबुग्वा" असेल तर डॉक्टर आहे, पण त्वचेचा तज्ज्ञ असेलच असं नाही. फोनच्या भाषांतराने हे दारातच कळतं. परदेशी रुग्ण घेण्यासाठी सरकारी नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र मागा. आत गेल्यावर आधी भेटते ती "सिलजांग", गोड बोलणारी सल्लागार, हातात टॅबलेट. ती डॉक्टर नसते. जबडा दाखवायला गेलेली माझी नणंद तिच्यासमोर वीस मिनिटं बसली आणि पाच उपचारांचं पॅकेज घेऊन उठली. डॉक्टरला भेटल्याशिवाय कार्ड काढू नका. इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल तर सांगा, पण आपल्या मनाने ती बंद करू नका.

निघताना औषधाचं नाव, मात्रा, लॉट नंबर इंग्रजीत लिहून घ्या, डब्याचा फोटो काढा. भांडायची पाळी आली तर २०१२ पासून तिथे वैद्यकीय तंट्यांसाठी मध्यस्थी करणारी सरकारी संस्था आहे, आणि भाषेची अडचण आली तर पर्यटकांसाठी १३३० वर फोन करा. आपला प्रवासी विमा असल्या उपचारांना सहसा हात लावत नाही.

जिमजिलबांग म्हणजे तिथली ती गरम खोल्यांची स्नानगृहं, ती बघायची हौस असेलच. ती उपचाराच्या आदल्या दिवशी उरका, नंतर निदान आठवडाभर वाफ नको. अंडी मात्र खा, तिथली भाजकी अंडी फार छान लागतात.