पगार निम्मा होणार हे ठरलं, पण ५४ हजार जातात कुठे?

वारज्याच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३७, हिंजवडीत आयटी कंपनीत मॅनेजर, महिना २ लाख, शिवाय वार्षिक बोनस. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातल्या बायकांकडून हिरडा घेऊन त्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका छोट्या संस्थेत त्यांना ८० हजारांवर बोलावलंय. यजमान ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, हातात ५२ हजार. मुलगी दुसरीत. घरकर्ज ३८ लाख, १४ वर्षं बाकी, हप्ता ३८,८००. गावी आईला महिना १० हजार. एफडी ७ लाख. 'ऑक्टोबरअखेर नोकरी सोडू का? आणि एफडी मोडून कर्ज हलकं करू का?' असा प्रश्न आहे.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन.

आधी भीती थोडी कमी करतो. तुम्ही लिहिलंय की पगारात ६० टक्के कपात. कागदावर बरोबर आहे, हातात मात्र तेवढी नाही. आज २ लाखांतून पीएफचे १२ हजार, सरासरी २४,४०० आयकर आणि व्यवसाय कर जाऊन खात्यात साधारण १,६३,४०० पडतात. नव्या कररचनेत पगारदाराला वर्षाला १२.७५ लाखांपर्यंत आयकर लागत नाही, म्हणजे ८० हजारांतले ७९,८०० हातात येतील. उत्पन्न निम्म्याला जरासं खाली जातंय. झेपण्यासारखं आहे का, ते आता बघू.

इथेच माझं गाडं अडलं. तुम्ही खर्च मांडलाय: घर, शाळा, पेट्रोल सगळं धरून ७२ हजार, आईचे १०, हप्ता ३८,८०० आणि एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी रक्कम, ४० हजार. बेरीज १,६०,८००. दोघांचे मिळून घरात येतात २,१५,४००. मधले ५४,६०० कुठे आहेत? बचत खात्यात तर तुमच्याच सांगण्यानुसार लाखभराच्या वर कधी काही साठत नाही.

ही चोरी नाही, उधळपट्टीही नाही. हे असतं लग्नाचा आहेर, गाडीचे टायर, कोकणातले चार दिवस, रात्री दहाला मागवलेलं जेवण. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असा एक न लिहिलेला रकाना असतो. पण तुमचा निर्णय त्याच रकान्यावर अवलंबून आहे. लिहिलेल्या खर्चावर नव्या पगारात तुमचं भागतं: दोघांचे १,३१,८००, त्यातून घर, आई आणि हप्ता मिळून १,२०,८००. विम्याचे महिना सात हजार धरले तरी चार हजार उरतात. न लिहिलेल्या खर्चातला अर्धा जरी तसाच राहिला, तरी दर महिन्याला २३ हजारांचा खड्डा पडेल.

म्हणून ऑक्टोबरअखेर सोडू नका. त्याऐवजी नोव्हेंबरपासून पगार झाल्या दिवशी ८३,६०० रुपये दुसऱ्या खात्यात टाका आणि तुमचा पगार ७९,८०० च आहे असं समजून जगा. एसआयपी त्या बाजूच्या खात्यातून जाऊ दे, घरखर्चाला मात्र त्याला हात लावायचा नाही. घरात दोघांनाही हे माहीत हवं. फेब्रुवारीपर्यंत जमलं, तर राजीनाम्याचं पत्र लिहायला घ्या. डिसेंबरातच बाजूच्या खात्यातून पैसे परत ओढायला लागलात, तर आपण पुन्हा बोलू.

थांबण्याचं दुसरं कारण रोकडं आहे. तुमची या कंपनीतली पाच वर्षं १८ मार्चला भरतात, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, त्यानंतरच मिळते. बेसिक, म्हणजे मूळ पगार, १ लाख, म्हणून १५ भागिले २६ गुणिले ५ या हिशेबाने ग्रॅच्युइटी २.८८ लाख. मार्चच्या पगारात बोनस, कर जाऊन तीनेक लाख. शिवाय नवी नोकरी १ एप्रिलला धरली तर त्या वर्षी आयकर शून्य. ऑक्टोबरअखेर सोडलीत तर दोन्हीकडचं उत्पन्न एकाच वर्षात मोजलं जाईल आणि ८० हजारांवरही कर बसेल.

ग्रॅच्युइटी आणि बोनसचे हे पावणेसहा-सहा लाख कर्जात भरा. एफडी मोडू नका, ते तुमचे सहा महिन्यांचे प्राण आहेत. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड नसतो. मात्र बँक बहुधा आपणहून मुदत कमी करते आणि हप्ता तोच ठेवते. एरवी मी तेच करायला सांगतो. तुम्ही मात्र हप्ता कमी करायचा लेखी अर्ज द्या. तो सहा हजारांनी उतरेल आणि महिना दहा हजारांची एसआयपी चालू राहील.

राजीनाम्याआधी, हातात मोठी पगाराची स्लिप असतानाच, टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा आयुर्विमा) काढा, कारण कव्हर उत्पन्नाच्या पटीत मिळतं. तिघांची आरोग्य पॉलिसी आणि आईंची वेगळी पॉलिसीही आत्ताच घ्या. कंपनीचं कव्हर शेवटच्या दिवशी संपतं, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईंचा बीपी फॉर्मवर लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. पीएफ काढू नका. नवीन संस्थेत १४ जण आहेत, २० च्या आत पीएफ बंधनकारक नसतो, म्हणजे ती बचत यापुढे तुमची तुम्हालाच करायची आहे.

आता संस्थेबद्दल. संस्थापक 'पुढे हिस्साही देऊ' म्हणाले, असं तुम्ही आनंदाने लिहिलंय. संस्था सेक्शन ८ कंपनी आहे. कायद्याने ती सभासदांना नफा वाटू शकत नाही, बंद झाली तरी उरलेली मालमत्ता त्यांच्यात वाटली जात नाही. त्या हिश्शाला मान आहे, पैशात किंमत नाही. माणूस खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. बहुतेक त्यालाही हे नीट माहीत नसावं. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून संस्थेचे ताळेबंद बघता येतात, मागची तीन वर्षं बघा. उत्पन्नातलं विक्रीचं किती, अनुदानाचं किती? एकाच देणगीदारावर गाडा चालतोय का? आणि एक प्रश्न तिथल्या हिशेबनिसाला विचारा, संस्थापकांना नको: 'गेल्या पावसाळ्यात पगार कोणत्या तारखांना झाले?' हंगामात सगळी रोकड माल घेण्यात अडकते. माझ्या एका क्लायंटचा अशाच एका संस्थेत चार महिने पगार थकला होता. पैसे नंतर सगळे मिळाले, पण तोवर क्रेडिट कार्डाचं व्याज भरून झालं होतं.

राहता राहिलं ८० हजारांचं. सामाजिक कामात पगारावर घासाघीस करायला तुम्हाला संकोच वाटतो, असं पत्रावरून दिसलं. करा. १२.७५ लाखांच्या आत असाल तर वाढवून मिळालेल्या रुपयावर आयकर नाही. ८० चे ९० झाले तर दहाच्या दहा हजार घरी येतील. ९० मागा. नाही म्हणाले तर ८० आहेतच.