मांजराच्या पिल्लाने उलटीत जंत टाकला. चार वर्षांच्या मुलाला लागण होईल का?

नाही, उलटीतल्या जंतापासून मुलाला थेट लागण होत नाही. जपायचं ते दारातल्या वाळूच्या ढिगापासून. बोटभर लांब, शेवईसारखा पांढरा जंत म्हणजे बहुतेक टॉक्सोकारा कॅटी, पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेला. त्याची अंडी विष्ठेतून पडतात, पण ताजी असताना बाधत नाहीत. मातीत २ ते ४ आठवडे राहिली की बाधतात आणि मग कित्येक महिने टिकतात. सांगलीत पशुवैद्य म्हणून हे नेहमी पाहतो: बांधकामाची वाळू उघडी, रात्री मांजर तिथे उकरतं, सकाळी पोरं तिथेच किल्ले करतात.

ढिगावर ताडपत्री टाका, खेळून आल्यावर मुलाचे हात साबणाने धुवा, पिल्लाला वजन करून दर १५ दिवसांनी जंताचं औषध द्या, दूध सुटेपर्यंत तरी. माणसात हा जंत मोठा होत नाही, अळीच शरीरात भटकते. त्यामुळे शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही, रक्त तपासावं लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा: अळी क्वचित डोळ्यात जाते. एका डोळ्याने अंधुक दिसतंय किंवा बाहुलीत पांढरी झाक आहे असं वाटलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.