लग्नाचं फुटेज साठत चाललंय, सगळं क्लाउडवर टाकू का?

तुम्ही लिहिलंय की सीझनला वीसेक लग्नं करता, डिस्कमागून डिस्क भरतेय, म्हणून सगळं क्लाउडवर टाकायचा विचार आहे. मीही सांगलीत हेच काम करतो. सगळं टाकू नका.

हिशेब बघा. ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केला तर तासाला ४५ जीबी जातात. दोन कॅमेरे, हळद आणि लग्न मिळून अकरा तासांचं शूट धरलं तर ५०० जीबी झाले. ५० एमबीपीएसचा अपलोड सलग मिळाला तरी बावीस तास. आणि लग्नसराईत दुसऱ्या दिवशी पुढचं लग्न उभंच असतं.

मी पूर्वी एकाच डिस्कवर सगळं ठेवायचो. एकदा केबलमध्ये पाय अडकला आणि डिस्क फरशीवर. परत लावली तर आतून नुसती टिक... टिक... टिक. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं तर फॉरमॅट करून दुसऱ्या कार्याला नेलेली. मंगलाष्टका गेल्या, सप्तपदी गेली. सांगायला गेलो तर मुलीच्या वडिलांनी आधी चहा मागवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर डेटा उतरवतो. साधं कॉपी-पेस्ट फाइल नीट उतरली का ते पडताळत नाही. त्यामुळे टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय लावा, किंवा दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं क्लोन टूल वापरा. नुसत्या क्लिप उचलू नका, कार्डावरचे फोल्डर आहेत तसे घ्या. एक डिस्क घरी, दुसरी बहिणीकडे. दोन्ही उघडून चार क्लिप चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही. (रेडला, म्हणजे एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणाऱ्या जोडणीला, बॅकअप समजू नका. चुकून डिलीट केलेलं तिथे दोन्हीकडून जातं.)

एडिटिंग एसएसडीवर, साठवण साध्या हार्ड डिस्कवर. काम संपलं की कॅशे आणि प्रॉक्सी (एडिटिंगसाठी बनलेल्या तात्पुरत्या आणि हलक्या फाइली) उडवा, बरीच जागा सुटते. क्लाउडवर फक्त प्रोजेक्ट फाइल आणि तयार फिल्म.

जुनं फुटेज उडवायला जीव होत नाही, म्हणून बिलावरच छापून घेतलंय: रॉ फुटेज ९० दिवस, हवं असल्यास डिस्क आणून द्यावी. परवा एक पार्टी आली, डिस्क आणलीय म्हणाली. खिशातून काढला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह.