आपले निर्णय अंतर्मनच आधी घेत असेल, तर आपल्या हातात काय उरतं?

तुम्ही विचारलंय की मेंदू आपल्याआधीच निर्णय घेऊन मोकळा होतो असं प्रयोगांत दिसलंय, मग रागाच्या भरात मुलावर हात उठतो त्याला मी जबाबदार कसा? पळवाट शोधायला तुम्ही हे विचारलंय असं मला वाटत नाही. हात उठल्यावर रात्र रात्र झोप लागत नाही असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मानसशास्त्र शिकलेलो नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात 22 वर्षं हळदीची खरेदी करतोय. सौद्याला पोत्यासमोर उभं राहिलं की मूठभर माल हातात घ्यायचा, एक हळकुंड मोडायचं, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायचं, आतला गाभा बघायचा. सगळं मिळून दोन-चार सेकंद. तेवढ्यात भाव मनात येऊन बसलेला असतो. बरोबरचा नवा पोरगा विचारतो, "एवढाच का लावला?" मग मी सांगतो, ओल आहे, पॉलिश जास्त मारलंय, रंग वरवरचा आहे. कारणं खोटी नसतात. पण भाव ठरला तेव्हा ती माझ्यासमोर होती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हे माझ्या एकट्याचं नाही. निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एक प्रयोग मांडला. दुकानात बायकांच्या नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीनं ठेवल्या आणि सर्वांत चांगली कोणती ते गिऱ्हाइकांना विचारलं. डाव्या टोकाची जोडी 12 टक्के लोकांनी निवडली, उजव्या टोकाची 40 टक्के लोकांनी. खरं तर चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या! कारण विचारल्यावर मात्र "उजवीकडे होती म्हणून" असं एकानंही सांगितलं नाही. तेव्हा अंतर्मन आपल्याला ढकलतं, हे मला मान्यच आहे.

तुम्ही म्हणता तो प्रयोग बेंजामिन लिबेट या अमेरिकन मेंदूसंशोधकांचा, 1983 चा. मनाला येईल तेव्हा मनगट हलवा आणि इच्छा नेमकी कधी झाली ते समोरच्या घड्याळावर बघून सांगा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मेंदूतली हालचाल कृतीच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू व्हायची आणि इच्छेची जाणीव साधारण 0.2 सेकंद आधी. यावरून "निर्णय आपला नसतोच" असं लोक म्हणायला लागले. खुद्द लिबेट तसं म्हणत नव्हते. उठलेली ऊर्मी शेवटच्या क्षणी थांबवता येते, असं त्यांचं मत होतं. पुढं 2012 मध्ये शर्गर हे मेंदूसंशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कृतीआधी मेंदूत चढत जाणारी ती हालचाल म्हणजे ठरलेला निर्णयच असेल असं नाही, नेहमीच्या चढउतारातूनही ती तशी दिसू शकते. आणि मला खटकतं ते वेगळंच. मनगट आत्ता हलवलं काय नि क्षणभरानं हलवलं काय, कुणाचं काय बिघडणार होतं? तिथं येऊन बसायचं आणि सांगितलं तसं करायचं, हे त्या माणसांनी आधीच ठरवलं होतं. ते ठरवणं त्या यंत्रात मोजलंच गेलं नाही.

आता माझं. मी 14 वर्षं तंबाखू खाल्ली. डाव्या तळव्यावर चिमूट, बोटाच्या टोकानं चुना, अंगठ्यानं मळणं, दोन थापा आणि ओठाखाली. कित्येकदा थापा मारल्याचा आवाज कानावर आला तेव्हा कळायचं की डबी खिशातून निघालीय. सोडायची शपथ तीन वेळा घेतली, तिन्ही वेळा मोडली. तेव्हा मीही तुमच्यासारखंच म्हणायचो, हात आपोआप जातो, मी काय करू?

मग एक दिवस लक्षात आलं. हळकुंड मोडून भाव सांगणारा हातही आपोआपच चालतो. त्याचं कौतुक झालं की मी म्हणतो, माझा हात बसलाय. मग तंबाखूकडे जाणारा हात परक्याचा कसा? दोन्ही मीच घडवलेत, रोज थोडे थोडे.

आमच्या जवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, 2005 च्या पुरात बरीचशी गेली. जमिनीत खोल, तोंड अरुंद, आत काळोख. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची. मला अंतर्मन तसंच वाटतं. आत दिसत नाही, पण निघतं ते भरलेलंच. सगळं आपणच भरलेलं असतं असंही नाही. तुम्ही लहानपणी मार खाल्ला असेल, तर त्यातला काही माल तुमच्या वडिलांनी भरलेला आहे. तो तुमचा दोष नाही. आता त्यात तुमच्या मुलाच्या वाटणीचा माल पडतोय, तो मात्र तुमच्या हातून.

म्हणून हात उठतो तो क्षण पकडायच्या मागे लागू नका. तिथं आपण बहुतेक वेळा हरतो. त्याच्या आधीचा अर्धा तास बघा. घरी येताना उपाशी असता का? कुणाचं बोलणं ऐकून येता? मुलाच्या अभ्यासाला कधी बसता? एक वही करा, आठवडाभर फक्त वेळ आणि आधी काय झालं एवढंच लिहा. आणि मुलाच्या आईला आत्ताच, डोकं शांत असताना सांगून ठेवा, की माझा आवाज चढला की मला बाहेर पाठव, मी मुकाट्यानं जाईन. मी हमालांना असंच सांगून ठेवलं होतं, मी तंबाखू मागितली तरी कुणी द्यायची नाही. ते ठरवताना माझा हात खिशाकडे जात नव्हता. ठरवणारा मीच होतो.

तंबाखू सुटून सहा वर्षं झाली. सौद्यात भाव चढायला लागला की हात अजूनही खिशाकडे जातो. खिशात बडीशेपेची डबी असते.