फवारणीचे रिकामे डबे उकिरड्यावर टाकले तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. उकिरड्याचं खत उद्या आपल्याच वावरात जातं, डब्याच्या तळाशी उरलेलं औषधही त्याच्यासोबत. पर्यावरण इंजिनिअरचा पहिला नियमच हा की घातक कचरा जिथं निघाला तिथंच वेगळा करायचा. एकदा मिसळला की सगळाच घातक धरावा लागतो.

घातक कचऱ्याचं केंद्र आपल्याकडे नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. अशा केंद्रांत आधी नमुना तपासतात. जळण्याजोगा असेल तर ११०० अंशांच्या आसपास भट्टीत जाळतात, नाहीतर सिमेंट-चुन्यात घट्ट करून पुरतात. खड्ड्याला खाली चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचे थर असतात. झिरपलेलं पाणी पाइपनं गोळा करून शुद्ध करतात, विहिरींपर्यंत जाऊ देत नाहीत. धुऱ्यावर डबे पेटवून हे साधत नाही. कमी आचेवर विषारी धूरच होतो.

म्हणून पऱ्हाटीवर फवारणी करतानाच डबा तीनदा खंगाळा आणि ते पाणी पंपातच ओता. मग तळाला खिळ्यानं भोक पाडा. हे विसरू नका, कारण असाच धुतलेला डबा मी एका घरी पिण्याच्या पाण्यासाठी ठेवलेला पाहिलाय. भोक पाडलेले डबे वेगळ्या पोत्यात, लेकरा-जनावरांपासून दूर ठेवा आणि गावाचे एकत्र उचलायला ग्रामपंचायतीकडे मागणी करा.