कॅश कोहिरन्ससाठीची (वेगवेगळ्या कोअरच्या कॅशमधल्या प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवण्यासाठीची) स्लिक (SLICC) भाषा शिकायला सुरुवात कुठून करावी?

व्याकरणापासून नको, तक्त्यापासून करा. जेम-५ (gem5) या संगणक-रचनेच्या सिम्युलेटरमधल्या रूबी मेमरी मॉडेलसाठी लिहायची ही भाषा मुळात स्टेट मशीनचा तक्ताच आहे: ओळींत स्थिती, स्तंभांत घटना, चौकटीत कृती आणि पुढची स्थिती. एम (बदललेली), एस (सामायिक), आय (अवैध) या तीन स्थितींचा एमएसआय प्रोटोकॉल आधी कागदावर मांडा.

तीन स्थिती पाहून सोपं वाटेल, पण खरा अभ्यास मधल्या, क्षणिक स्थितींचा आहे. समजा, कॅशमधली ओळ (डेटाचा एक ठोकळा) एस मध्ये आहे आणि कोअरला लिहायचं आहे. कॅशने डिरेक्टरीकडे (कोणती प्रत कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या भागाकडे) मालकी मागितली, पण उत्तर येण्याआधीच दुसऱ्या कोअरच्या लेखनामुळे इनव्हॅलिडेशन (प्रत रद्द करण्याचा संदेश) येऊन थडकलं. आता पोच द्यायलाच हवी, आपली प्रत गेली असं धरायचं, आणि तरी मालकीची वाट पाहत राहायचं. ही चौकट रिकामी राहिली की प्रोटोकॉल तिथेच कोसळतो. अशा चौकटी स्वतः भरल्याशिवाय भाषा हाताला लागत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

इन-पोर्टचा (संदेश आत येण्याच्या वाटांचा) क्रमही महत्त्वाचा: उत्तरांचा पोर्ट विनंत्यांच्या आधी लिहा, नाहीतर डेडलॉकला (सगळेच एकमेकांची वाट पाहत अडकण्याला) आमंत्रण.

कोड झाला की रूबीचा रँडम टेस्टर चालवा. तो सगळ्या शक्यता तपासत नाही, म्हणून छोटं मॉडेल मर्फीतही लिहून बघा. स्टॅनफर्डमध्ये घडलेली ही भाषा गाठता येण्याजोगी प्रत्येक स्थिती धुंडाळते आणि चूक सापडल्यास तिथवरचा मार्ग दाखवते. दोन कॅश, एक पत्ता एवढ्यावरही बऱ्याच चुका बाहेर येतात.