कुऱ्हाड घडवताना पात्यावर नक्षी केली तर ती कामाची राहते का?

राहते की, फक्त नक्षी कुठे आणि किती खोल ते बघा. धारेपासून मागे दोनेक इंच काहीच कोरायचं नाही, कारण तिथेच घाव बसतो आणि पाणी दिलेल्या, म्हणजे लाल तापवून एकदम विझवून कडक केलेल्या पोलादात छिन्नीची टोकदार रेघ असली की तडा बरोब्बर तिथूनच जातो. दांडा घालायच्या भोकाच्या बाजूच्या भिंतीही उगाच पातळ करू नका, पिळवटण्याचा सगळा ताण त्यांच्यावर येतो. उरला मधला गाल, तिथे उथळ, गोलसर तळाच्या रेघा मारा, खोल नको, नाहीतर ओल्या लाकडाचा चीक आणि भुसा भरून गंज धरतो.

कोरायचं ते पाणी द्यायच्या आधी, नंतर छिन्नी चालतच नाही. ट्रकच्या पाट्याचं पोलाद असेल तर तेलात विझवा, आणि मग धार घासून चकचकीत करून मागून हळूहळू तापवा, धारेवर गवती पिवळा जाऊन तपकिरी रंग आला की थांबा.

आता नक्षीची हौस किती जाऊ शकते बघायचं तर डेन्मार्कमधल्या मामेन गावची कुऱ्हाड बघा, १८६८ ला एका थडग्यात सापडलेली, दहाव्या शतकातली, लोखंडात चांदीची तार ठोकून दोन्ही बाजू भरल्यात. ती मिरवायचीच असणार, तिने कोण लाकडं फोडतंय! तुम्हाला रोज सरपण फोडायचं असेल तर गालावर दोन रेघा आणि आपलं नाव, बास, आणि उरलेली मेहनत दांड्यावर घाला.